खांद्यावरची नाव

१८५८ च्या मार्चमध्ये लखनौच्या बचावाची सगळी तोंडे दक्षिणेकडे वळलेली होती. आदल्या वर्षी इंग्रजी फौजा कालव्याच्या बाजूने आल्या होत्या, म्हणून उठावाचे नेतृत्व करणाऱ्या बेगम हजरत महलच्या सैन्याने मातीचे कोट, खंदक आणि तोफा तिकडेच लावल्या. उत्तरेला गोमती होती. शहराजवळचे तिच्यावरचे दोन्ही पूल, एक दगडी आणि एक लोखंडी, बेगमेच्याच माणसांच्या ताब्यात होते. तटबंदीचे काम तिकडे नदीच करील, असा हिशेब होता. ६ मार्चच्या पहाटे इंग्रज सेनापती जेम्स औट्रमची तुकडी शहराच्या खालच्या अंगाला गोमती ओलांडून गेली, ती रिकाम्या पिंपांवरून. इंजिनियरांनी बुचे घट्ट बसवलेली लाकडी पिंपे ओळीने बांधली, वर फळ्या टाकल्या आणि असे दोन पूल उभे केले. त्यांवरून पायदळ गेले, घोडदळ गेले, तोफाही गेल्या. तीन दिवसांनी बादशाहबाग पडली; आज तिथे लखनौ विद्यापीठ आहे. उत्तर तीरावरून औट्रमच्या तोफा बचावाच्या उघड्या पाठीवर मारा करू लागल्या आणि महिना संपायच्या आत शहर गेले.

ज्या उत्तर तीराची कोणाला काळजी वाटली नव्हती, त्याच्या मागच्या मोकळ्या रानात पुढे वस्त्या वाढत गेल्या. कुकरैल नाल्याच्या अंगाने पसरलेल्या या गोमतीपारच्या लखनौत विकास नगर येते. नोकरदार कुटुंबांची ही वसाहत. रविवारी मुलांना घेऊन बाहेर पडायचे तर गोमती नगरात जनेश्वर मिश्र पार्क आहे. २०१४ मध्ये खुल्या झालेल्या, ३७६ एकरांच्या या बागेत मोठे तळे आहे आणि नौकाविहाराची सोयही आहे. पण अर्ध्या तासाचे भाडे भरून दुसऱ्याच्या होडीत बसणे वेगळे आणि आपली होडी गाडीच्या डिकीत टाकून नेणे वेगळे. हवा भरून फुगवायची कयाक आता खोक्यात बंद होऊन घरी येते. वजन साधारण भरल्या सुटकेसइतके, वल्ही आणि पंप सोबतच. मग घरात प्रश्न निघतो: स्वस्तातली कोणती घ्यावी?

प्रश्न नवा वाटतो, पण माणसाने तो फार पूर्वीच सोडवायला घेतला होता. लाकडी नाव महाग असते, जड असते आणि काठावर एका जागी बांधलेली असते. ती नावाड्याची असते आणि तो म्हणेल तेव्हा, म्हणेल त्या दराने पार करतो. ज्याला नाव परवडत नव्हती, किंवा ज्याची वाट अनेक नद्यांतून जात होती, त्याला खांद्यावर घेऊन चालता येईल अशी नाव हवी होती. उत्तर सगळीकडे एकच निघाले: हवा कोंडा आणि तिच्यावर भार टाका.

ब्रिटिश म्युझियममध्ये निमरूदच्या राजवाड्यातला एक कोरीव दगडी पट आहे. असुरनासिरपाल दुसरा या अ‍ॅसिरियन राजाच्या काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला. त्यात नदी पोहून जाणारे लोक फुगवलेल्या कातड्यांना छातीशी कवटाळून आहेत आणि कातड्याच्या एका पायाची नळी तोंडात धरून पोहता पोहताच फुंकत आहेत. हवा गळत होती आणि ती भरत राहावी लागत होती, हे त्या शिल्पकाराने पाहिले होते. पुढे टायग्रिस नदीवर अशी शेकडो कातडी लाकडी चौकटीखाली बांधून ‘केलेक’ नावाचे तराफे चालू लागले. एकोणिसाव्या शतकात ऑस्टिन लेयार्डने निमरूदचे अवजड पुतळे बसऱ्याकडे पाठवले तेही अशाच तराफ्यांवरून. मुक्कामाला पोहोचले की तराफेवाले लाकूड तिथेच विकून टाकत, कातड्यांतली हवा सोडत आणि ती घडी करून गाढवांवर लादून वरच्या गावी परत नेत. प्रवाहाविरुद्ध नाव ओढत न्यायचा त्रासच नको! आजच्या फुगवायच्या होडीचा सगळा व्यवहार या एका रिवाजात येऊन गेला आहे.

आपल्याकडे हे काम पखालीने केले. २६ जून १५३९ रोजी चौसा इथे शेरखानाने हुमायूनच्या छावणीवर अवचित छापा घातला. पळता पळता हुमायूनने घोडा गंगेत घातला. घोडा गेला आणि बादशाह गटांगळ्या खाऊ लागला. निजाम नावाच्या भिश्त्याने त्याला आपल्या फुगवलेल्या मशकीच्या आधाराने पैलतीरी नेले. रोज पाणी वाहणारे कातडे त्या दिवशी रिकामे झाले, त्यात वारा भरला आणि त्याने मुघल घराणे वाचवले. आग्र्याला परतल्यावर हुमायूनने शब्द पाळून निजामाला सिंहासनावर बसवले. किती वेळ, याबद्दल वृत्तांतकारांचे एकमत नाही. कोणी अर्धा दिवस म्हणतो, तर बादशाहची बहीण गुलबदन बेगम दोन दिवस सांगते. या हकिकतीतला राजेपणाचा भाग सगळ्यांना आठवतो. मोलाची आहे ती भिश्त्याची तयारी. अंगावरच्या धंद्याच्या वस्तूची नाव होते, हे त्याला ऐन वेळी शोधावे लागले नाही, ठाऊकच होते.

पंजाबच्या डोंगराळ भागात तर हा पिढीजात व्यवसाय होता. सतलजेच्या काठचे नावाडी म्हशीचे किंवा बैलाचे अख्खे कातडे फुगवून त्यावर पालथे झोपत आणि हातातल्या आखूड वल्ह्याने पाणी कापत. उतारू त्यांच्या पाठीवर बसे. १८२० साली विल्यम मूरक्रॉफ्ट लडाखकडे जाताना बिलासपूरजवळ अशीच सतलज ओलांडून गेला. त्याने लिहून ठेवलेला हिशेब थक्क करतो: सुमारे तीस नावाड्यांनी तीनशे माणसे, सोळा घोडे-खेचरे आणि दोनशे मण माल दीडेक तासात पार नेला. काम संपल्यावर त्या नावाड्यांनी आपापली ‘नाव’ पाठीवर टाकली असणार आणि घरची वाट धरली असणार.

याच काळात लखनौच्या नवाबाला मात्र नावेची हौस वेगळ्या तऱ्हेने भागवता येत होती. गाजीउद्दीन हैदरसाठी १८१९ च्या सुमारास गोमतीवर वाफेचे इंजिन बसवलेली बोट चालली; हिंदुस्थानातल्या अगदी पहिल्या आगबोटींमध्ये तिची गणना होते. अलीकडे छत्तर मंझिलच्या आवारात खोदकाम करताना एक लाकडी नौका मातीखाली सापडली, सुमारे ४२ फूट लांब. नवाबाची नौका गाळात का होईना, पण टिकली. नावाड्याच्या कातड्याचे असे काही मागे राहत नाही. ते कुजून जाते. म्हणूनच गरिबाच्या नावेचा इतिहास वस्तूंपेक्षा भाषेत अधिक सापडतो.

मराठीत तो चांगलाच सापडतो. दोन गोष्टींची ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार रोज वापरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच आता सांगड आठवते. सुकवून पोकळ केलेले दोन भोपळे दोरीने जोडायचे आणि मधल्या दोरीवर छाती टेकून नदी पार करायची, ही सांगड. दोन होड्या किंवा दोन ओंडके एकत्र बांधले तरी तीच सांगड. एक भोपळा गरगर फिरतो, माणसाला पालथा पाडतो. दोन बांधले की स्थिर राहतात. जुळवून आणण्याचा अर्थ तिथून आला. ‘कास धरणे’ हाही नदीतलाच शब्द. पट्टीच्या पोहणाऱ्याच्या कासोट्याला धरून न पोहणारा पलीकडे जाई. विहिरीत पोहायला शिकणारी मुले पाठीला हलक्या पांगाऱ्याचे लाकूड बांधत, पुढे त्याची जागा पत्र्याच्या बंद डब्याने घेतली, आणि नंतर मालट्रकच्या चाकाची काळी ट्यूब आली. वस्तू बदलत गेली, आतली हवा तीच.

मराठी सत्तेच्या उतरत्या काळात तर सोबत नेण्याच्या नावेने लढायांचे पारडे फिरवले. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने मराठ्यांवरची १८०३ ची मोहीम मुद्दाम पावसाळ्यात काढली. त्याचे गणित साधे होते. मराठ्यांचे घोडदळ वाऱ्यासारखे, पण नद्यांना पूर आला की त्याला उतार मिळत नाही. ज्याच्याजवळ होड्या असतील, तो अशा वेळी चालत राहील. म्हणून दक्षिणेतून निघतानाच त्याने बांबूच्या विणलेल्या, कातड्याने मढवलेल्या गोल टोपल्या करवून घेतल्या. तुंगभद्रेकाठी त्यांना हरिगोल म्हणतात. विजयनगर पाहून गेलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगिजानेही त्यांचे वर्णन केले आहे; माणसेच नव्हे, तर घोडे आणि बैलसुद्धा त्यातून नेत. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला आणि त्या महिन्यातच वेलस्लीची फौज भरल्या गोदावरीपलीकडे गेली. सप्टेंबरात असईची लढाई झाली.

वर्षभराने हाच धडा उलट बाजूने गिरवला गेला. १८०४ च्या जुलैत इंग्रजांचा कर्नल मॉन्सन मुकुंदरा घाटातून माघारी फिरला आणि यशवंतराव होळकर त्याच्या पाठीवर होते. पाऊस कोसळत होता, चंबळ आणि बनास फुगल्या होत्या, आणि मॉन्सनजवळ होड्या नव्हत्या. तोफा चिखलात रुतल्या, त्या निकामी करून सोडून द्याव्या लागल्या. आग्र्याला पोहोचेपर्यंत त्याच्या फौजेची वाताहत झाली होती. या पराभवाची कारणे लिहिताना वेलस्लीने नद्यांवर नावांची तजवीज नसण्यावर बोट ठेवले. यशवंतरावांच्या पराक्रमाची गोष्ट मराठी वाचकाला माहीत असते. त्या पावसाळ्यात नद्याही त्यांच्या बाजूने लढल्या, हे त्या गोष्टीत यायला हवे.

कातडे कुजते, त्याला वास येतो, शिवणीतून हवा गळते. यावर उपाय रबराने आणला. चार्ल्स गुडइयरला गंधकासोबत रबर तापवून टिकाऊ करण्याचे पेटंट १८४४ मध्ये मिळाले. त्याच सुमारास ब्रिटिश आरमारातला पीटर हॅल्केट हा तरुण अधिकारी एक विलक्षण वस्तू घेऊन पुढे आला. ती होती अंगावर घालायचा झगा, जो फुगवला की एका माणसाची होडी होई. खिशात भाता, हातातल्या काठीला पाते लावले की वल्हे, आणि छत्रीचे शीड! वजन साडेतीन किलोच्या आसपास. आर्क्टिकमधल्या एका मोहिमेत जॉन फ्रँकलिनची माणसे एक नदी ओलांडायला साधन नाही म्हणून अडकली आणि अनेकजण भुकेने मेले, ही हकिकत हॅल्केटच्या मनात होती. आरमाराने कल्पना हुशारीची म्हटले आणि नाकारली. पण जॉन रे या शोधप्रवाशाने १८४६ च्या मोहिमेत हॅल्केटची होडी नेली आणि तिचे गुण गायले. तिचा एक नमुना स्कॉटलंडच्या उत्तरेला, स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयात आजही आहे.

कयाक ही त्याच आर्क्टिकची. इन्युइट शिकारी लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बांधत, आणि तिच्या मागच्या बाजूला फुगवलेल्या सीलच्या कातड्याचा एक मोठा फुगा ठेवत. भाल्याला बांधलेला हा फुगा जखमी जनावराला खोल बुडू देत नसे. म्हणजे कयाक आणि कोंडलेली हवा यांची सांगड जुनीच आहे. फक्त हवा होडीच्या बाहेर होती. ती आत यायला १९३४ साल उजाडले. त्याआधी १९०७ मध्ये जर्मनीतल्या रोझेनहाइमच्या हान्स क्लेपरने घडीच्या कयाकचा धंदा सुरू केला. क्लेपर पेशाने शिंपी होता, आणि मूळ आराखडा आल्फ्रेड हॉइरिख या विद्यार्थ्याचा होता. पिशवीत भरून रेल्वेने नेता येणाऱ्या या होड्यांनी शहरातल्या साध्या नोकरदारांना नद्या मोकळ्या करून दिल्या. मंदीत धंदा बुडालेला ऑस्कर श्पेक १९३२ मध्ये अशाच घडीच्या होडीतून उल्म इथून डॅन्यूबमध्ये उतरला. काम शोधायला सायप्रसपर्यंत जायचे म्हणून निघालेला हा माणूस पुढे पुढेच जात राहिला, हिंदुस्थानच्या किनाऱ्याने सिलोनला गेला आणि १९३९ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. तोवर युद्ध पेटले होते. जर्मन म्हणून त्याला कैदेत टाकण्यात आले.

१९३४ मध्ये ‘झोडियाक’ या फ्रेंच कंपनीत पिएर दब्रूतेल याने पूर्ण हवेवर उभी राहणारी कयाक केली. कंपनीचा मूळ धंदा विमानफुग्यांचा होता. हवा न गळणारे कापड कसे शिवायचे आणि चिकटवायचे, हे तिथल्या कारागिरांना आधीच येत होते. फुगवलेल्या होडीवर लोकांचा विश्वास बसवला तो आलँ बोंबार या डॉक्टरने. १९५२ मध्ये साडेचार मीटरच्या फुगवलेल्या नावेतून तो एकटा कॅनरी बेटांवरून निघाला आणि ६५ दिवसांनी बार्बाडोसला लागला. पीव्हीसी आल्यावर हीच वस्तू बाजारात स्वस्त झाली.

पुण्यात कयाक वेगळ्या वाटेने आली. मुळा-मुठेवर रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासूनचा, साहेबांचा. पण अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबने पाण्याची हौस मराठी मुलांच्या हाती दिली. १९२८ पासून चालत आलेल्या त्यांच्या ‘रेगाटा’त विद्यार्थी कयाकांचा ताफा लयीत फिरवतात आणि काठावर पुणेकर गर्दी करतात. त्या कयाका कडक, घडी न होणाऱ्या, क्लबच्या मालकीच्या. ज्याला क्लब नाही, त्याच्यासाठी फुगवायची कयाक आहे, आणि तिची निवड करताना वर आलेले सगळे जुने अनुभव उपयोगी पडतात.

पहिले, कप्पे. सांगडीत दोन भोपळे असत, ते स्थिरतेसाठी आणि एक फुटला तर दुसरा असावा म्हणूनही. कयाकला निदान तीन स्वतंत्र हवेचे कप्पे हवेत: दोन कडा आणि तळ. कमी किमतीच्या लोकप्रिय होड्यांपैकी ‘इंटेक्स एक्सप्लोरर के२’ ही पिवळी कयाक अशीच आहे. ३१२ सेंटिमीटर लांब, दोघांसाठी, १८१ किलोपर्यंत भार घेणारी. हा आकडा कमाल मर्यादेचा. दोन भरदार माणसे, डबे, पाण्याच्या बाटल्या आणि मांडीवरचे मूल असा हिशेब केला तर तो लवकर भरतो, म्हणून घरच्यांच्या वजनाची बेरीज आधी कागदावर मांडावी.

तळ मऊ की कडक, हा किमतीतला मोठा फरक. साध्या पीव्हीसीच्या होडीत दाब अगदी कमी असतो, बसले की तळ थोडा खचतो आणि होडी संथ चालते. कडक तळात वरच्या आणि खालच्या थराला हजारो धाग्यांनी जोडलेले असते. त्याला ‘ड्रॉप स्टिच’ म्हणतात. गुडइयर कंपनीने १९५६ मध्ये याच तऱ्हेच्या कापडाचे फुगवता येणारे विमान उडवले होते. असा तळ आठ-दहा पीएसआय दाब सोसतो आणि फळीसारखा उभा राहतो. महिन्यातून एकदा शांत तळ्यात तास-दोन तास फिरायचे, तर त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे घालायची गरज नाही. त्याऐवजी खाली लावायचे पाते, म्हणजे फिन, आहे ना ते पाहावे. हलकी, उंच कडांची होडी वाऱ्याच्या हाती पटकन जाते. दुपारी जलाशयावर वारा सुटला की पाते नसलेली कयाक वल्हवणाऱ्याला जुमानत नाही. सकाळी उतरावे, आधी वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे दमल्यावर परतीला वारा मदत करतो.

काट्यांचा विचार परदेशी माहितीपत्रकांत नसतो. महाराष्ट्रातल्या धरणांचे काठ वेड्या बाभळीने भरलेले आहेत आणि होडी जिथे पसरून फुगवायची, तिथेच तिचे काटे पडलेले असतात. खाली अंथरायला जाड ताडपत्री न्यावी, ठिगळाचे साहित्य जवळ असावे. लखनौ असो की सोलापूर, मे महिन्यात भरगच्च फुगवलेली होडी उन्हात काठावर ठेवली की आतली हवा प्रसरण पावते आणि जोड उकलतात. पाण्याबाहेर काढली की थोडी हवा सोडावी. घडी करण्याआधी ती पूर्ण वाळवावी. आणि पैसे मोजके असतील, तर ते आधी चांगल्या लाइफ जॅकेटवर घालावेत, प्रत्येकासाठी एक, मुलांच्या मापाची वेगळी. धरणाच्या पाण्यात उतरायला परवानगी लागते का, हे जलसंपदा विभागाकडे विचारून घ्यावे. विसर्ग सुरू होणार असेल, तर तिथे जाऊच नये.

हौसेच्या या होडीची गरजेची भावंडे मात्र अजून पाण्यावर आहेत. धरणांच्या जलाशयांवर मालट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे टाकणारे मासेमार दिसतात. ट्यूब फाटली की गावातला पंक्चरवाला तीच रबराची चकती लावतो, जी तो सायकलला लावतो. कोल्हापूर-सांगलीकडे पूर आला की गुऱ्हाळातली काहिल पाण्यात उतरते. उसाच्या रसासाठी केलेली ती रुंद लोखंडी कढई म्हाताऱ्या माणसांना, पोरांना, कधी शेळ्यांना घेऊन पलीकडे जाते. २०१९ च्या महापुरात याच भागात एनडीआरएफच्या नारिंगी रबरी बोटी आल्या, तेव्हा गच्चीवर अडकलेल्या माणसांनी फुगवलेल्या नावेची किंमत जाणली.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, गंगापूर तालुक्यात भिव धानोरा गाव आहे. जायकवाडीच्या फुगवट्याने त्याला तीन बाजूंनी वेढलेले आहे. इथली मुले शाळेत जायला सुमारे एक किलोमीटर पाणी थर्माकोलच्या पाट्यांवर बसून ओलांडतात, हे २०२३ मध्ये वृत्तपत्रांत आले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. थर्माकोल म्हणजेही कोंडलेली हवाच, पण तिला ना कडा, ना कप्पे. दप्तर मांडीवर घेऊन बसलेल्या त्या मुलांच्या हातात काठ्या होत्या. पाण्यातले साप पाटीवर चढू लागले तर त्यांना दूर सारायला त्या लागत.